कुंपणाने खाल्लेले शेत

अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका संघीय न्यायाधीशाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेला हुकूम वरकरणी किरकोळ वाटावा असाच होता. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील दिएगो पाविया या खेळाडूला आणखी एक हंगाम खेळू द्यावे, एवढेच त्यात म्हटले होते. पाविया आधी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या एका महाविद्यालयात, नंतर न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात आणि शेवटी व्हँडरबिल्टमध्ये खेळला. पहिल्या महाविद्यालयातील वर्षे हिशेबात धरायची की नाही, हा वादाचा मुद्दा होता. ती धरू नयेत, असे न्यायाधीशांचे प्रथमदर्शनी मत पडले. या हुकमानंतर, खेळण्याची मुदत संपलेल्या इतर विद्यार्थ्यांची न्यायालयांच्या दारी रीघ लागली. काहींना दिलासा मिळाला, काहींना मिळाला नाही. विस्कॉन्सिनच्या एका खेळाडूला मिळालेला असाच हुकूम जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला. विद्यार्थ्याने कोणत्या संघाकडून किती वर्षे खेळावे हे प्राचार्यांनी ठरवण्याऐवजी न्यायाधीश ठरवू लागले, ही कोणत्याही शिक्षणव्यवस्थेला भूषणावह गोष्ट नव्हे. तथापि ही वेळ का आली याचा शोध घेतला तर दोष न्यायालयांकडे जात नाही. जी संस्था हे नियम करीत आली, तिच्याच पदरी तो पडतो.

ही संस्था म्हणजे ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’, अर्थात एनसीएए. सुमारे अकराशे महाविद्यालये व विद्यापीठे तिची सभासद असून पाच लाखांहून अधिक विद्यार्थी तिच्या नियमांखाली खेळतात. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना म्हटला की मैदानाच्या कडेला उभे असलेले पन्नास-शंभर वर्गमित्र डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेत त्याच नावाखाली लाखभर प्रेक्षक बसतील अशी मैदाने उभी आहेत, दूरचित्रवाणीचे अब्जावधी डॉलरचे करार होतात आणि काही राज्यांत फुटबॉलच्या प्रशिक्षकाचा पगार राज्यातील कोणत्याही सरकारी अधिकाऱ्यापेक्षा अधिक असतो. या साऱ्या डोलाऱ्याच्या पायाशी मात्र अठरा ते बावीस वर्षांचा विद्यार्थी उभा असतो. पात्रतेचे आणि स्थलांतराचे नियम त्याच्यासाठी आहेत.

या नियमांचा जन्म अकारण झालेला नाही, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे हार्वर्ड आणि येल यांच्यातील १८५२ ची नौकाशर्यत. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने केला होता, हे पुढील इतिहास पाहता सूचक वाटते. १८५५ साली हे दोघे पुन्हा भिडले तेव्हा हार्वर्डच्या नौकेचा सुकाणू धरणारा गडी शिक्षण पुरे करून बाहेर पडलेला होता. म्हणजे पात्रतेचा वाद दुसऱ्याच शर्यतीत उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुटबॉल फोफावला तेव्हा तर नावापुरता प्रवेश घेऊन हंगाम संपताच अंतर्धान पावणारे, आज या तर उद्या त्या विद्यापीठाकडून खेळणारे भाडोत्री वीर सर्रास दिसू लागले. मैदानावर मृत्यूही ओढवू लागले. अखेर १९०५ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याविषयी बजावले आणि त्या खळबळीतूनच १९०६ मध्ये पुढे एनसीएए नावाने ओळखली जाणारी संघटना आकाराला आली. खेळणारा खरोखरीचा विद्यार्थी असावा, त्याने एका ठिकाणी राहून शिकावे, धनाढ्य विद्यापीठाने दुसऱ्याचा खेळाडू पळवू नये, हे त्यामागील हेतू होते. ते चांगलेच होते.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात घ्यायचे नाही, असा दंडक त्या काळात बराच रूढ होता. मुलाने आधी वर्गात रुळावे, मग मैदानात उतरावे, हे त्याचे समर्थन. हा दंडक एनसीएएने बहुतेक खेळांसाठी १९६८ मध्ये आणि फुटबॉल व बास्केटबॉलसाठी १९७२ मध्ये सोडून दिला. विद्यार्थ्याला वर्गात रुळण्यास आता वेळ लागत नाही असा काही शोध शिक्षणशास्त्राने लावला नव्हता. खेळाडू एक वर्ष रिकामा बसवून ठेवणे महाविद्यालयांना परवडेनासे झाले होते, इतकेच. नियमाची कसोटी येथेच लागते. शिक्षणाच्या नावाने केलेला नियम पैशाच्या आड येऊ लागला की शिथिल होतो. मात्र तसाच नियम संस्थेच्या सोयीचा असला की तो तत्त्व म्हणून मिरवला जातो.

स्थलांतराचा नियम या दुसऱ्या प्रकारचा होता. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूने नव्या ठिकाणी एक वर्ष न खेळता काढावे, असा हा नियम. नवे वातावरण, नवा अभ्यासक्रम यांत त्याला स्थिर होता यावे, असे त्याचे समर्थन केले जाई. ते खरे मानावे तर ही स्थिरता जलतरणपटूला किंवा टेनिसपटूलाही हवी. परंतु बहुतेक खेळांतील विद्यार्थ्यांना एकदा स्थलांतर करून लगेच खेळण्याची सवलत होती. ती नव्हती ती फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांच्या बर्फावरील हॉकीला. फुटबॉल आणि बास्केटबॉल हे तर सर्वाधिक उत्पन्नाचे खेळ. अभ्यासाची काळजी नेमकी तिकीटविक्रीच्या प्रमाणात वाढावी, यास योगायोग म्हणणे कठीण आहे. शिवाय २०१८ पर्यंत, खेळाडूशी दुसऱ्या विद्यापीठाने बोलणी करण्यासाठी आधीच्या विद्यापीठाची परवानगी लागे. ती नाकारली गेली तर नव्या ठिकाणी शिष्यवृत्तीही मिळत नसे.

आता याच व्यवस्थेतील इतरांचे वर्तन पाहावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये नोत्र दामच्या फुटबॉल संघाला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेरीत स्थान मिळण्याची आशा कायम असतानाच त्याचे प्रशिक्षक ब्रायन केली दहा वर्षांच्या आणि सुमारे साडेनऊ कोटी डॉलरच्या करारावर लुइझियाना स्टेट विद्यापीठात दाखल झाले. त्यांना एक वर्ष बाहेर बसावे लागले नाही. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील यूसीएलए आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांनी पश्चिम किनाऱ्यावरील आपला जुना गट सोडला आणि मध्य-पश्चिमेतील ‘बिग टेन’ गटात प्रवेश केला. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेली. गटाचे नाव एका महासागराचे आणि विद्यापीठे दुसऱ्या महासागराच्या काठची, असा हा भूगोल आहे. मुलामुलींनी सामन्यासाठी सारा देश ओलांडायचा आणि परतून परीक्षेला बसायचे, याविषयी त्यांच्या अभ्यासाच्या कैवाऱ्यांना फारशी चिंता वाटली नाही. प्रशिक्षक गेला तर ती प्रगती, विद्यापीठ गेले तर ते धोरण आणि विद्यार्थी गेला तर ती बेइमानी, असा हा न्याय होता.

‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दप्रयोगही याच न्यायाचा भाग आहे. एनसीएएची सूत्रे १९५१ पासून सुमारे साडेतीन दशके सांभाळणारे वॉल्टर बायर्स यांच्या कारकिर्दीत तो रूढ झाला. कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा खेळाडू १९५५ साली फुटबॉलच्या मैदानावर जबर जखमी होऊन मरण पावला आणि त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. खेळाडू हा महाविद्यालयाचा कामगार ठरत नाही, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितले. अशा दाव्यांच्या भीतीतूनच हा जोडशब्द पुढे करण्यात आला, हे बायर्स यांनीच निवृत्तीनंतर १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मान्य केले. ज्याने ही तटबंदी उभी केली त्यानेच उतारवयात तिच्यावर घणाघात करावा, यापेक्षा बोलका पुरावा कोणता?

अर्थात, अभ्यासाशी निगडित असे सारेच नियम ढोंगी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८३ मध्ये संमत होऊन १९८६ पासून लागू झालेल्या ‘प्रस्ताव ४८’ ने प्रथम वर्षाच्या खेळाडूसाठी शालेय गुणांची आणि प्रवेशपरीक्षेतील गुणांची किमान अट घातली. चार वर्षे खेळून घेऊनही ज्यांना धड लिहिता-वाचता येत नाही असे खेळाडू बाहेर पडत असल्याच्या कहाण्यांनी तेव्हा देश अस्वस्थ झाला होता. हेतू प्रामाणिक होता. पण परीक्षेतील त्या गुणांचा फटका गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय मुलांना सर्वाधिक बसला. अट अधिक कडक करून शिष्यवृत्तीही नाकारण्याचा निर्णय झाला, तेव्हा जानेवारी १९८९ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन ऐन सामन्याच्या आरंभी मैदान सोडून निघून गेले. पुढच्याच वर्षी तो निर्णय सौम्य करावा लागला, आणि प्रवेशपरीक्षेची अट तर २०२३ मध्ये पूर्णच गेली. मात्र पदवीच्या अभ्यासक्रमाचा चाळीस टक्के भाग तिसऱ्या वर्षापूर्वी, साठ टक्के चौथ्यापूर्वी आणि ऐंशी टक्के पाचव्यापूर्वी पुरा झाला पाहिजे, ही अट टिकली; आणि ती टिकणे योग्यच होते. तिचे कारण वर्गात आहे, तिकीटखिडकीवर नाही.

न्यायालयांनीही हाच भेद हळूहळू ओळखला. दूरचित्रवाणीच्या हक्कांवर एनसीएएने बसवलेली मक्तेदारी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मोडून काढली. परंतु त्याच निकालात हौशी खेळाच्या परंपरेविषयी चार गौरवाचे शब्द लिहिले गेले. त्या शब्दांच्या आधारावर संघटनेने पुढची जवळजवळ चार दशके काढली. विद्यापीठांना प्रक्षेपणाचा पैसा मोकळा झाला, खेळाडूंवरील बंधने मात्र तशीच राहिली. जून २०२१ मध्ये ‘ऑल्स्टन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य अशा एकमताने एनसीएएच्या विरोधात निर्णय दिला आणि मक्तेदारीविरोधी कायद्यापासून तिला वेगळी सूट नाही, हे स्पष्ट केले. निकाल शिक्षणविषयक लाभांपुरता मर्यादित होता, पण भिंतीला भगदाड पडले ते पडलेच. पुढच्याच महिन्यापासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर जाहिरातीतून पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली.

स्थलांतराचा बांधही असाच टप्प्याटप्प्याने फुटला. ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानगीची अट जाऊन केवळ नोंद करण्याची पद्धत आली. विद्यार्थ्याने सांगितले की दोन दिवसांच्या आत त्याचे नाव एका सामायिक नोंदवहीत, म्हणजे ‘ट्रान्सफर पोर्टल’वर, चढवणे महाविद्यालयास बंधनकारक झाले. एप्रिल २०२१ मध्ये सर्व खेळांतील विद्यार्थ्यांना एकदा स्थलांतर करून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. दुसऱ्यांदा जाणाऱ्याला मात्र बसवून ठेवले जाई. त्याविरुद्ध ओहायोसह सात राज्यांनी दावा लावला, वेस्ट व्हर्जिनियातील न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि केंद्राचे न्याय खातेही पुढे राज्यांच्या बाजूने उभे राहिले. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने हा नियमच गुंडाळला. अभ्यासात पात्र असलेला विद्यार्थी कितीही वेळा स्थलांतर करू शकेल, असे ठरले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या मोठ्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे ठरले आणि प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम आपल्या खेळाडूंना थेट देण्याची मुभा मिळाली.

येथवर वाचून कोणाला वाटेल की न्याय झाला, प्रश्न मिटला. वस्तुतः खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. ज्याच्या दारात चार विद्यापीठे थैल्या घेऊन उभी आहेत अशा खेळाडूला या मुक्ततेचा लाभ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. परंतु पाच लाखांत असे किती? बाकीच्यांच्या वाट्याला काय आले ते पाहिले पाहिजे. नोंदवहीत नाव घातले म्हणजे नवी जागा मिळतेच असे नाही. जुने महाविद्यालय मात्र चालू सत्र संपताच त्याची शिष्यवृत्ती थांबवू शकते. एकोणीस वर्षांचा मुलगा कोणाच्या तरी सल्ल्याने नाव नोंदवतो, उत्तराची वाट पाहत राहतो आणि परतीची वाटही बंद झालेली त्याला दिसते. ज्याला जागा मिळते त्याचेही आधी पुरे केलेले सारे विषय नवे विद्यापीठ मान्य करीलच असे नाही. तीन वर्षांत तीन विद्यापीठे फिरलेल्या विद्यार्थ्याच्या गाठीशी तीन रंगांचे पोशाख असतात, पण पदवी कोणत्याच विद्यापीठाची नसते. तडजोडीनुसार संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली, तेव्हा जागा गमावण्याची पाळी आली तीही अशाच बिनबोभाट सराव करणाऱ्यांवर. त्यांना वाऱ्यावर सोडू नये, असे न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी बजावले, म्हणून निदान काहींसाठी त्या मर्यादेला अपवाद करावा लागला.

आपल्याकडील पालकांनाही हा विषय परका राहिलेला नाही. उंच उडीतील भारताचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकत असताना २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएएचा विजेता झाला. त्याच्या वाटेने जाऊ पाहणारी मुलेमुली येथेही आहेत. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्याला अमेरिकेत काम करून पैसे मिळवण्यावर कडक निर्बंध असतात. त्यामुळे सहाध्यायी ज्या जाहिरातींवर सही करतो तीच सही परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा धोक्यात आणू शकते. स्थलांतराच्या धांदलीत शिष्यवृत्ती गेली, तर अमेरिकन मुलगा घरी परततो. आपल्या मुलाला मात्र देश सोडण्याची वेळ येऊ शकते. आणि आपल्या विद्यापीठीय स्पर्धांनाही वयाच्या व प्रवेशाच्या अटी आहेतच. नावापुरता प्रवेश घेतलेला खेळाडू येथेही कोणाला अपरिचित नाही. पैसा अजून थोडा आहे म्हणून तंटे थोडे आहेत. त्यात समाधान मानण्याजोगे काही नाही.

मग उपाय कोणता? एनसीएएने तो काँग्रेसमध्ये शोधला. मक्तेदारीविरोधी दाव्यांपासून संघटनेला संरक्षण द्यावे आणि खेळाडू हे नोकर नव्हेत असे कायद्यानेच ठरवावे, अशा आशयाचे विधेयक जुलै २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात मांडले गेले. देशभर एकच नियम असावा ही मागणी रास्त आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाने वेगळा हंगाम मोजावा हे कोणालाच हितावह नाही. परंतु ज्यांनी शंभर वर्षे नियम एकतर्फी केले त्यांनाच ते पुन्हा एकतर्फी करण्याची सनद देणे म्हणजे कुंपणाने शेत खाल्ले म्हणून शेताची राखण पुन्हा त्याच कुंपणाकडे सोपवणे होय.

खरा मार्ग दुहेरी आहे. पहिली गोष्ट म्हणजे, ज्यांच्यावर नियम लागू व्हायचे त्यांच्या संमतीने ते झाले पाहिजेत. अमेरिकेतील व्यावसायिक संघांतही खेळाडूंच्या जाण्यायेण्यावर कडक बंधने आहेत. ती न्यायालयात टिकतात, कारण ती खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरलेली असतात. डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये तेरा विरुद्ध दोन मतांनी कामगार संघटनेत जाण्याचे ठरवले होते. महाविद्यालयाने वाटाघाटी नाकारल्या आणि वर्षअखेरीस तो अर्ज मागे घेतला गेला. त्या तेरा मुलांना ऐकून घेतले असते तर पुढचे अनेक खटले कदाचित टळले असते. दुसरी गोष्ट म्हणजे, प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारावा: याचे कारण वर्गात आहे काय? पाच वर्षांत चार हंगाम ही मर्यादा त्या प्रश्नाला उत्तर देऊ शकते, कारण महाविद्यालय हे आयुष्यभर खेळत राहण्याचे ठिकाण नव्हे आणि मागून येणाऱ्यासाठी जागा रिकामी झालीच पाहिजे. ती ठेवावी, पण सर्वांना सारखी लावावी. अभ्यासातील प्रगतीची अट ठेवावी. स्थलांतर करणाऱ्याचे पुरे झालेले विषय मान्य करण्याची जबाबदारी मात्र त्याला बोलावणाऱ्या विद्यापीठावर टाकावी. आणि जे विद्यापीठ एखाद्याचे चार हंगाम वापरते त्याने, तो जखमी होवो वा त्याची संघातील जागा जावो, पदवी मिळेपर्यंत त्याचे शिक्षण पुरे करून द्यावे. एनसीएएने १९७३ मध्ये चार वर्षांची शिष्यवृत्ती दरसाल नूतनीकरणाची केली, तेव्हाच विद्यार्थ्यावरील निष्ठेची अट एकतर्फी झाली होती. बहुवर्षीय शिष्यवृत्तीला २०१२ पासून पुन्हा परवानगी मिळाली. ती सक्तीची का होऊ नये?

निष्ठा मागायची तर आधी ती द्यावी लागते. आज ज्यांना खेळाडूंची पळापळ पाहून जुन्या शिस्तीची आठवण येते, त्यांनी हे ध्यानी घ्यावे की ती शिस्त खेळाडूंनी मोडलेली नाही. तिच्या राखणदारांनी तिचा अर्थ आधीच काढून घेतला होता. उरले होते ते पोकळ कुंपण न्यायालयाच्या पहिल्या धक्क्यासरशी आडवे झाले. नवे घालताना ते शेतातील पिकासाठी आहे, एवढे स्मरण ठेवले तरी पुरे.